चार आण्याची उभी रेघ

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. विषय संगणकाचा वाटेल, पण आहे जमिनीचा. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

मुरबाड तालुक्यात मी बरीच वर्षं टायपिंग आणि डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळं. काही वर्षांपूर्वी आमच्या भावकीची थोडी जमीन एका रस्त्याच्या कामात जायची होती. मोबदला कोणाला किती यासाठी जुने कागद बाहेर निघाले. त्यात आजोबांच्या काळातला वाटपाचा एक फेरफार होता. बाळबोध अक्षर, टाकाने लिहिलेला, कडा कुरतडलेल्या. सगळ्यांना वाचता यावा म्हणून मी बसून त्याची स्वच्छ नक्कल टाइप केली आणि भावकीत वाटली.

नक्कलेत तीन भावांची नावं होती, एकाखाली एक. तीन नावं म्हणजे तीन सारखे हिस्से, असं सगळे धरून चालले. आमच्या घरात आनंदच होता, कारण आमच्याकडे पाव हिस्सा आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. इथे तर तिसरा हिस्सा दिसत होता! थोरल्या पातीचे लोक मात्र गप्प झाले. त्यांच्याकडे अर्धी जमीन आहे, असं त्यांचे वडीलधारे सांगायचे. कागद काही वेगळंच बोलत होता.

मग त्यांच्या घरातले एक चुलत आजोबा आले. वय नव्वदीच्या घरात, पूर्वी बाजारात किराणा दुकान. त्यांनी माझी नक्कल बाजूला ठेवली, म्हणाले, "मूळ कागद दाखव." चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या नावापुढच्या दोन रेघा कुठे गेल्या? आणि ह्या दोघांपुढची एकेक?"

मी म्हटलं, "आजोबा, त्या तक्त्याच्या रेघा असतील, नाहीतर पूर्णविराम."

ते हसले. "अरे, तक्ता कुठे आहे इथे? दोन रेघा म्हणजे आठ आणे. एक रेघ म्हणजे चार आणे. आठ, चार, चार. झाले सोळा. तू सगळ्यांना सारखं करून टाकलंस की."

खरं होतं. मुळात चार भाऊ होते. एक निपुत्रिक वारला आणि त्याचं कर्ज फेडून थोरल्याने त्याचा हिस्सा घेतला. म्हणून थोरला आठ आणे, बाकीचे दोघे चार-चार. मी टाइप करताना रेघा गाळल्या आणि चार आण्यांचे आम्ही पाच आणे चार पैवर गेलो, तर थोरल्या पातीचे आठ आण्यांवरून पाच आणे चार पैवर आले. ना खोटी सही, ना लाच. टाइप करणाऱ्याला एक खूण कळली नाही, एवढंच. आणि टाइप करणारा मीच.

त्या दिवसापासून ह्या रेघेचा मागोवा घेतोय. जे सापडलं ते सांगतो.

आधी आण्यांचा हिशोब, कारण तरुण पोरांना तो माहीत नसतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. लिहिताना चार आण्यांना म्हणजे पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. त्यापुढचे सुटे आणे आडव्या किंवा तिरप्या रेघांनी: एक, दोन, तीन. चौथा आणा झाला की आडव्या रेघा पुसून एक उभी. म्हणजे चारचे गट करत जाणारी फार सुटसुटीत पद्धत. "१।" म्हणजे सव्वा, "१॥" म्हणजे दीड, "१॥।" म्हणजे पावणेदोन. जुन्या मराठी पुस्तकांवर किंमत अशीच छापलेली असे. ही पद्धत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. उत्तर हिंदुस्थानभर, गुजरातीत, मोडीत, महाजनी वह्यांत थोड्याफार फरकाने हेच चालायचं. नुसते पैसेच नाहीत, वजन-मापाचे आणि जमिनीच्या हिश्शाचे अपूर्णांकही असेच लिहीत. "सोळा आणे खरं" आपण आजही म्हणतो ते उगीच नाही. सोळा आणे म्हणजे पूर्ण.

आता प्रश्न असा की टाइप करताना मी त्या रेघा का गाळल्या? कळल्या नाहीत हे एक. पण समजा कळल्या असत्या, तरी कीबोर्डवर त्या होत्या कुठे?

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपण "क" दाबतो तेव्हा आत एक क्रमांक साठवला जातो, आणि पडद्यावर त्या क्रमांकाचं चित्र काढलं जातं. चित्र काढायचं काम फॉन्टचं. क्रमांक कोणता हे जगभर एकच ठरलेलं असावं लागतं, नाहीतर मुरबाडात लिहिलेलं शहापुरात वाचता येणार नाही. हे क्रमांक ठरवणारी यादी म्हणजे युनिकोड. आपली देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, आणि तिची मांडणी भारतातच आधी बनलेल्या इस्की नावाच्या मानकावरून घेतलेली आहे.

गंमत बघा, युनिकोडचे क्रमांक लिहितात ते सोळाच्या मोजणीत. शून्य ते नऊ आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ. सोळा झाले की पुढचं घर. आमच्या चुलत आजोबांना हे शिकवायला पाच मिनिटं लागली नसती.

ज्या खुणेला क्रमांक नाही, ती संगणकाच्या लेखी चित्र. फोटो काढता येतो, पण शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, बेरजेत घेता येत नाही. क्रमांक मिळाला की ती मजकुराचा भाग होते. एखाद्या खुणेला क्रमांक मिळताना आपल्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलंय. ती खूण म्हणजे आजचं रुपयाचं चिन्ह, ₹.

मार्च २००९ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून जास्त चित्रं आली, त्यातून पाच निवडली गेली. शेवटी डी. उदय कुमार यांचं चिन्ह पसंत पडलं. त्यांनी आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये पीएचडी केली होती. देवनागरीचा "र" आणि रोमन "आर" यांचा मेळ, वर शिरोरेषा आणि तिच्याखाली आणखी एक आडवी रेघ. १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अडीच लाखांचं बक्षीस मिळालं.

पण मंत्रिमंडळाने मंजूर केलं म्हणून ते टाइप करता येईना. चिन्ह होतं, क्रमांक नव्हता. मग लोकांनी काय केलं? एक फॉन्ट इंटरनेटवर फिरायला लागला. त्यात टॅब बटणाच्या वरच्या कळीवर जी उलटी टिंबरेघ असते, तिच्या जागी रुपयाचं चित्र बसवलं होतं. फॉन्ट टाका, ती कळ दाबा, रुपया दिसतो. मीही तो टाकला. एका दुकानदाराचं दरपत्रक त्यात मोठ्या हौसेने केलं आणि फाइल छपाईला पाठवली. छपाईवाल्याच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. शंभर पत्रकं छापून आली, प्रत्येक किमतीपुढे रुपयाऐवजी ती उलटी टिंबरेघ! दुकानदार म्हणाला, "हे काय, प्रत्येक भावावर माशी बसलीय?" पैसे माझे गेले.

तेव्हा मला वाटलं, फॉन्ट खराब. आता कळतं, दोष फॉन्टचा नव्हता. फाइलमध्ये रुपया कधी नव्हताच. फाइलमध्ये टिंबरेघच होती, वर फक्त रुपयाचा मुखवटा. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये टाइप केलेल्या फायली आज उघडल्या की जो गिचमिडा दिसतो, त्याचं कारणही हेच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, वर मराठीचा मुखवटा. मुखवटा गेला की अक्षर गेलं.

खरं काम युनिकोडकडे झालं. भारत सरकारचा प्रस्ताव गेला, ऑगस्ट २०१० मध्ये समितीने मान्यता दिली आणि ११ ऑक्टोबर २०१० ला आलेल्या युनिकोडच्या ६.० आवृत्तीत रुपयाला त्याचा क्रमांक मिळाला: २०बी९. आपल्या साध्या मोजणीत ८३७७. चलनांच्या रांगेत कझाकस्तानच्या टेंगेच्या पुढची जागा रिकामी होती, ती आपली. जुन्या "आरएस" अशा जोडचिन्हाला आधीपासून ८३६० हा क्रमांक होता, पण तो पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ सगळ्यांच्या रुपयांचा सामायिक. नवा क्रमांक फक्त भारताच्या रुपयाचा.

मंत्रिमंडळाच्या मंजुरीपासून क्रमांकापर्यंत तीन महिनेही लागले नाहीत. पुढच्या वर्षी विंडोजला त्याची दुरुस्ती आली, नाण्यांवर चिन्ह आलं. कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपया यायला लागला. आज चहाच्या टपरीवरच्या क्यूआर पाटीवरही तो आहे. आपल्या मुरबाड तालुक्यातलं धसई आठवतं ना? नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. ते किती टिकलं, किती नाही, हा वेगळा विषय. पण तिथल्या छोट्या दुकानांत स्वाइप मशीन आली तोवर मागची सगळी तयारी झालेली होती. रुपया हा मजकुराचा भाग झालेला होता.

तरी काही जागा सुटतातच. बँकेचा साधा एसएमएस बघा, बहुतेक वेळा त्यात अजून "आरएस" असतं. एसएमएसच्या मूळ वर्णमालेत ₹ नाही. ते एक चिन्ह घातलं की सगळा मेसेज दुसऱ्या पद्धतीत जातो आणि एका मेसेजमध्ये १६० ऐवजी ७० च अक्षरं मावतात. एक खूण कुठे बसते आणि कुठे नाही, याला असा पैशाचा हिशोबही असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या फेरफारातल्या त्या उभ्या रेघेला, चार आण्यांना, क्रमांक आहे का?

मला वाटलं होतं, नसेल. शोधलं तर आहे! आणि तो रुपयाच्या चिन्हाच्या आधीचा. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडची ५.२ आवृत्ती आली, त्यात ह्या खुणांची अख्खी रांग आहे. अंशुमन पांडे नावाच्या अभ्यासकाने जुन्या हिशोबाच्या कागदांचे नमुने जोडून प्रस्ताव दिला होता. पाव, अर्धा, पाऊण, मग एक आणा, दोन आणे, तीन आणे, रुपयाची जुनी खूण आणि आणखी तीन. एकूण दहा. साध्या मोजणीत ४३०५६ ते ४३०६५. मोडी लिपीचाही प्रस्ताव पुढे त्यांनीच दिला आणि २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत, मोडीलाही जागा मिळाली.

म्हणजे आण्याच्या रेघेला क्रमांक २००९ ला मिळाला आणि ₹ ला २०१० ला. एक वर्षाने मोठी असून ती रेघ अजून कुठेच दिसत नाही. मी ती इथे टाकतो: ꠰. तुमच्यापैकी काहींना उभी रेघ दिसेल, काहींना रिकामा चौकोन. चौकोन दिसला तर समजा, क्रमांक पोचला, पण तुमच्या फोनकडे त्याचं चित्र नाही.

आणि ज्याला चित्र दिसेल तो म्हणेल, हा तर आपला दंड, पूर्णविरामाचा! दिसायला हो. पण दंडाचा क्रमांक २४०४, दोन दंडांचा २४०५. मीही ह्या पोस्टमध्ये वर "१॥" लिहिताना दंडच वापरलेत, कारण माझ्या कीबोर्डवर तेच आहेत. माणसाला फरक पडत नाही, संगणकाला पडतो. दंड म्हणजे वाक्य संपलं, पाव म्हणजे ०.२५. उद्या कोणी "चार आणे हिस्सा असलेल्या सगळ्या नोंदी काढ" म्हटलं, तर संगणक दंडाला विरामचिन्ह समजून सोडून देईल. जसं मी सोडून दिलं तसंच.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. क्रमांक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. रुपयाच्या मागे मंत्रालय होतं, टांकसाळ होती, बँका होत्या, कीबोर्डचं मानक होतं, मोठ्या कंपन्या होत्या. म्हणून तो वर्षभरात सगळीकडे पोचला. आण्याच्या रेघेमागे कोणीच नाही. तिला क्रमांक आहे, पण कळ नाही, बहुतेक फोनमध्ये चित्र नाही, आणि टाइप करणाऱ्याला कोणी सांगितलेलं नाही की ही रेघ म्हणजे कोणाची तरी जमीन आहे.

आपल्या दोन तालुक्यांत ही गोष्ट पुस्तकी नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. धरणं, रस्ते, रेल्वे, गोदामं, प्रत्येक वेळी घराघरांतून ट्रंका उघडतात, माळ्यावरची गाठोडी खाली येतात. भाताच्या खाचराचा आणि वरकस जमिनीचा हिस्सा ज्या कागदावर आहे तो कागद बहुतेक वेळा आण्यांत बोलतो, आणि त्याहून जुना असेल तर मोडीत. जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ऑनलाइन ठेवायचं काम राज्यात झालंय, ही चांगलीच गोष्ट. कागद वाळवीपासून वाचला. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यात नाव शोधता येत नाही, हिस्सा शोधता येत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली आणि कागदामागून कागद डोळ्यांनी वाचावा लागला.

या सगळ्यात मला आपला नाणेघाट आठवतो. मुरबाडकडून वैशाखरे ओलांडून वर गेलं की घाटमाथ्यावर ती गुहा आहे. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले त्याचे आकडे भिंतीवर कोरलेत. २४,४०० सारखी मोठी संख्याही आहे. तेव्हा शून्य वापरत नसत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी हे आकडे, आणि १९ व्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उलगडले. ब्राह्मी लिपीला, तिच्या ह्या दहा-शंभर-हजारच्या खुणांसकट, युनिकोडमध्ये जागा मिळाली ती ६.० आवृत्तीत. म्हणजे ज्या आवृत्तीत ₹ आला त्याच! नाणेघाटातला हिशोब आणि धसईच्या दुकानातला हिशोब एकाच दिवशी संगणकाच्या यादीत बसले.

पण त्या ब्राह्मीच्या खुणा अनेक शतकं कोणालाच वाचता येत नव्हत्या. घाटातून माणसं रोज जात होती, बैल जात होते, भिंतीवर आकडे तसेच होते. वाचणारं कोणी उरलं नव्हतं. आण्यांच्या बाबतीत आपण त्याच वाटेवर आहोत, फक्त वाचणारे अजून थोडे शिल्लक आहेत. नव्वदीच्या घरातले.

म्हणून तीन गोष्टी सांगतो, मोठ्या नाहीत.

एक, घरात जुना फेरफार, वाटपपत्र, खरेदीखत असेल तर त्याचा नीट उजेडात फोटो काढा आणि घरातल्या, नाहीतर गावातल्या जुन्या माणसाकडून वाचून घ्या. त्यांच्या तोंडचं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा.

दोन, कोणीही नक्कल टाइप करत असेल, तर रेघ गाळू नका आणि अंदाजाने दंडही मारू नका. अक्षरांत लिहा: "चार आणे". शब्दाला कुठलाही फॉन्ट लागत नाही. आणि टाइप केलेल्या प्रतीसोबत मूळ कागदाचा फोटो नेहमी जोडा.

तीन, हे सरकारला सांगणं आहे. जुन्या नोंदी मजकुरात उतरवायचं काम जेव्हा केव्हा निघेल, तेव्हा टाइप करणाऱ्यांना आणे-पै आणि मोडी आधी शिकवा. क्रमांक तयार आहेत, २००९ पासून आणि २०१४ पासून. आता कीबोर्ड आणि फॉन्ट द्या. रुपयासाठी जे वर्षभरात केलं, ते शेतकऱ्याच्या चार आण्यांसाठी करायला हरकत काय?

आमच्या भावकीचं शेवटी काय झालं, तेही सांगतो. मी नवी नक्कल केली. प्रत्येक नावापुढे अक्षरांत लिहिलं: आठ आणे, चार आणे, चार आणे. ती आधी आमच्याच घरात वाचून दाखवली. कोणी फार बोललं नाही. एक भाऊ म्हणाला, "पहिली नक्कल पण तूच केली होतीस ना?" म्हटलं, हो. मोबदला आठ-चार-चार असाच वाटला गेला.

चुलत आजोबा त्यानंतर वर्षभरात गेले. त्यांच्याकडून मी एक ते पंधरा आणे लिहायला शिकून घेतले होते. तो वहीचा कागद माझ्याकडे आहे, त्यांच्या थरथरत्या हाताचा. कोणाला शिकायचं असेल तर या. अर्ध्या तासाचं काम आहे.

#मुरबाड #शहापूर